तीनशे बारा नंबरचं खोकं

१

खोक्यावर नंबर तीनशे बाराच होता, पण आतले दात भलत्याच माणसाचे होते.

मी चष्मा पुसला आणि वही पुन्हा वाचली. बाई, वय एकोणपन्नास, वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये ठळक फट, त्यातला उजवा दात मुळाशी तडकलेला. माझ्या हातातल्या प्लास्टरच्या जबड्यात फटीचं नावही नव्हतं. जबडा रुंद, दात धडधाकट, पण घासून घासून सपाट झालेले. पुरुषाचे, यात शंकाच नाही. बाईचे इतके झिजलेले दात मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि त्या बाईला तीन नणंदा होत्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमची ही पेशंट दाढी करायची का हो?"

दवाखान्याचे डॉक्टर पुढे झाले, मॉडेल हातात घेतलं आणि पेशंटच्याच खुर्चीवर मटकन बसले.

मी कोण ते सांगून टाकते. मी दातांची डॉक्टर होते. 'होते' म्हणणं अजून जिवावर येतं, पण खोटं कशाला बोलू. सहा वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. सुई धरलेला हात थरथरला की पेशंट पळतो, आणि त्यानं पळावंच. दवाखाना विकला. तेव्हापासून दातांचा विमा देणाऱ्या एका कंपनीत कागद तपासते. दिवसाला चाळीस-पन्नास अर्ज. मंजूर किंवा नामंजूर, शिक्का आणि सही. तोंड एकही दिसत नाही. दात भरून झाल्यावर पेशंट तो जिभेनं चाचपून बघतो ना, आणि मग त्याचा चेहरा सैल पडतो, ते बघायला माझा जीव तुटतो. सहा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

अधूनमधून मला दवाखान्यांत तपासणीला पाठवतात. या दवाखान्याचं दुखणं असं होतं की इथं ब्रिज फार होत होते. एक दात गेला की शेजारचे दोन चांगले दात घासायचे, त्यांच्यावर कॅप चढवायच्या आणि मधे खोटा दात जोडून टाकायचा, याला ब्रिज म्हणतात. म्हणजे एका दातापायी तीन कॅपचे पैसे. कंपनीच्या कॉम्प्युटरला संशय आला की दात धड असतानाही हे ब्रिज लावतात. त्यानं दहा पेशंटची नावं काढली. आता पुरावा म्हणजे मॉडेल. इलाजाआधी तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा जबडा ओततात आणि तो खोक्यात पाच वर्षं जपून ठेवतात, हा कंपनीचाच नियम. नऊ खोकी बरोबर निघाली. दहावं हे.

एक्स-रे होता, पण डॉक्टर म्हणत होते कंपनीनं हरवला आणि कंपनी म्हणत होती मिळालाच नाही. पेशंटचं तोंड तपासावं, तर बाई वारून वर्ष झालेलं.

"शुक्रवारी मला अहवाल द्यायचाय," मी म्हटलं. "खरं मॉडेल मिळालं नाही, तर तुमचं नाव यादीतून जाईल."

"माझे दहातले आठ पेशंट तुमच्या कंपनीचं कार्ड घेऊन येतात," डॉक्टर म्हणाले. "यादीतून नाव गेलं की मी कुलूपच लावायचं."

त्या दिवशी मंगळवार होता. मी वरच्या फळीकडे पाहिलं. खोक्यांवर बोटभर धूळ होती. तीनशे बारावर मात्र चार बोटं उमटलेली होती, आणि ती माझी नव्हती.

२

डॉक्टर पन्नाशीचे, सज्जन चेहऱ्याचे. पण सज्जन चेहऱ्याचे चोर मी कागदावर पुष्कळ पाहिलेत.

"कपाटाची किल्ली कुठं असते?"

"दारामागं खिळ्याला."

"वा. म्हणजे कपाटाला कुलूप फक्त शोभेला. इथं वावर कोणाकोणाचा?"

"मी, बाहेर बसते ती मुलगी, आणि मागं कॅप बनवणारे मेणकाका. बस."

"बाहेरचं कोणी आत येतं?"

"पेशंट येतात, पण मी समोर असतो. नाही, कोणी नाही."

मी ते लिहून घेतलं. हे उत्तर खोटं नव्हतं. ते चुकीचं होतं, एवढंच, आणि आपण सगळेच ते तसंच देतो.

"या बाई कशा होत्या?"

"ग्रंथपाल होत्या. मला माणसं आठवत नाहीत, तोंडं आठवतात. त्यांची फट मात्र विसरणं शक्य नाही. बोलताना तिच्यातून बारीक शीळ वाजायची. त्यांना ती बुजवायची नव्हती."

"मग बुजवलीत कशाला?"

डॉक्टर एकदम तापले. "मी बुजवली? ब्रिज लावला की पुढचे दोन दात एकमेकांना जोडावे लागतात. जोडले की फट संपली. हाडात रोवायच्या इम्प्लांटला तुमची कंपनी पैसे देत नाही. मेणकाकांना एक जुनी पद्धत येते, दात पुढून सुटे ठेवून मागून टाळूच्या बाजूनं बारीक कडीनं जोडायचे. फट राहते. मी त्याचा अर्ज केला होता. नामंजूर. म्हणे सौंदर्यासाठी आहे, गरजेचं नाही. तुम्ही ब्रिज फार होतात म्हणून आलात ना? अहो, तुम्ही ज्याचे पैसे देता तेच लोक करून घेतात. दुसरं काही देऊन बघा, आकडे आपोआप बदलतील."

खरं सांगते, मला राग आला, पण त्यांचा नाही. कॉम्प्युटरला जे संशयास्पद वाटत होतं ते आम्हीच घडवलेलं होतं. डॉक्टरांनी मॉडेल दडवण्याचं कारण तिथंच अर्धं निकालात निघालं. आता दात कुठं गेले एवढंच उरलं.

"नामंजूर कोणत्या शहाण्यानं केलं?"

"काय माहीत. पत्र पेशंटला गेलं. त्यांनी मला दाखवलं होतं, पण सही वाचता येईना. कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेल्यासारखी होती."

"असल्या गाढवांपायीच कंपनीला शिव्या बसतात," मी म्हटलं.

निघताना डॉक्टरांनी ते परकं मॉडेल पुन्हा उचललं. "हे दात मी पाहिलेत हो. कुठंतरी नक्की पाहिलेत." आणि त्यांनी बोट ठेवलं ते वरच्या डाव्या दाताच्या धारेवर. तिथं दोन लहान गोल खाचा होत्या.

३

बाहेर बसणाऱ्या मुलीला सगळे चष्मिष म्हणतात. चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, तोंडाळ आणि प्रामाणिक. सकाळी आल्या आल्या तिनं माझी सही घेतली होती आणि वही फिरवून फिरवून विचारलं होतं, "बाई, हे सुलटं कुठून धरायचं?" मी म्हटलं होतं, "कुठूनही धर, सारखंच दिसतं." ती सही मी बाहेरच्या बाकावर टेकून केली होती. बाक सुरेख होता. नवं हिरवं रेक्झिन, कडेनं पितळी खिळ्यांची ओळ, अंतरात केसाचा फरक नाही. हातानं केलेलं नेटकं काम दिसलं की माझं मन हल्ली उगाच भरून येतं, म्हणून लक्षात राहिलं.

मी कचऱ्याची बादली पाहिली आणि तिला आत बोलावलं. बादलीत प्लास्टरचे पांढरे तुकडे होते.

ती लगेच रडायलाच लागली. "बाई, फोडलं मी, पण ते नाही. दोनशे सात फोडलं, काल खालची फळी पुसताना. डिंकानं चिकटवून ठेवलंय. बघा."

पाहिलं. चिकटवलं होतं, अक्कलदाढ उलटी.

"बरं, डोळे पूस. कपाटाबद्दल तुला कधी कोणी काही विचारलं होतं?"

ती नाक ओढत विचार करत बसली. "एक फोन आला होता. महिना झाला असेल. साचे किती दिवस ठेवता म्हणून. मी सांगितलं पाच वर्षं, नंतर फोडून टाकतो. मग म्हणाले, घरच्यांनी मागितले तर देत नाही का? मी म्हटलं, नाही हो, कंपनीचा नियम आहे."

"पुरुष?"

"हो. अगदी हळू बोलत होते. शेवटी थँक्यू पण म्हणाले."

चोर थँक्यू म्हणतो, हे मला नवीन होतं. आणि या दवाखान्यात हळू बोलणारा पुरुष एकच होता.

४

मेणकाका मागच्या खोलीत बसतात. साठी उलटलेली, डोळ्याला भिंग, समोर लहानशी ज्योत. मेणाचा दात कोरत होते. हात असा स्थिर की मला बघवेना. त्यांनी माझ्याकडं न बघताच एक स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"ग्रंथपालबाईंचं मॉडेल तुम्ही नेलंत का?"

"मी कशाला नेऊ?" अगदी पुटपुटल्यासारखं बोलले. "मला ते बघायचं सुद्धा नाही. ती फट माझ्या हातानं बुजली."

"डॉक्टर म्हणाले, कडीचा ब्रिज तुम्हाला येतो."

"येतो काय, केला होता. मंजुरी यायच्या आधीच मेणात करून ठेवला. इतकी चांगली फट होती हो. दोन्ही दात एकमेकांकडं जरा झुकलेले, जसं कुणी काहीतरी सांगायला वाकावं. कितीतरी वर्षांनी असं काम आलं होतं. एरवी काय, ठरलेल्या दरात ठरलेला दात, वीस मिनिटांत एक." त्यांनी कोरणी खाली ठेवली. "नकार आला. मेण वितळवलं. त्याच मेणात दुसऱ्या कुणाची तरी दाढ केली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. काम हातातून गेलेल्या माणसाला दुसरा तसा माणूस बरोबर ओळखू येतो.

मग मी परकं मॉडेल पुढं केलं. "या खाचा कशाच्या असतील?"

त्यांनी भिंगाखाली धरलं. "शिंपी असेल. दोरा दातानं तोडणारा."

"दोऱ्याची खाच बारीक असते, करवतीच्या रेघेसारखी. या गोल आहेत. आणि दोन आहेत, शेजारी शेजारी."

"मग काहीतरी गोल धरत असेल. रोज. बरीच वर्षं." ते मान हलवत म्हणाले. "माणूस कष्टाळू आहे, एवढं सांगतो. आणि रात्री दात खातो. इतके सपाट दात सुखात झोपणाऱ्याचे नसतात."

मेणकाकांनी ग्रंथपालबाईंचं मॉडेल नेलं नव्हतं. नेलं असतं तर त्या खाचांकडं बघून त्यांना माझ्याइतकंच कुतूहल वाटलं नसतं. म्हणजे तिघंही सुटले. दवाखान्यात चौथं कोणी येत नव्हतं, असं तिघंही शपथेवर सांगत होते. बुधवार संपला आणि मी होते तिथंच होते.

५

गुरुवारी सकाळी डॉक्टरांची वाट बघत मी त्याच हिरव्या बाकावर बसले होते. बोटं आपोआप खिळ्यांवरून फिरत होती. थरथरणाऱ्या हाताला काहीतरी धरायला लागतं. एक खिळा, दोन खिळे, तीन. पितळेची गोल टोपी, खाली बारीक गोल दांडी.

माझी बोटं थांबली.

"चष्मिष, हा बाक कोणी केला गं?"

"गादीवाल्यांनी. तीन आठवडे झाले. डॉक्टर मुलीकडं गेले होते ना दोन दिवस, तेव्हा."

"आणि मी विचारलं बाहेरचं कोणी आत आलं होतं का, तेव्हा काय म्हणालीस?"

"अहो, ते कामाला आले होते," ती गोंधळून म्हणाली, "असे आले नव्हते."

यातच सगळं आलं. कामाला आलेला माणूस आपण मोजतच नाही. मी सुद्धा माझ्या दवाखान्यात नळवाल्याला कधी मोजलं नाही.

"तू बोलावलंस त्यांना?"

"नाही, तेच आले. म्हणाले, बाक फाटलाय, करून देऊ का? अगदी थोडक्यात करून दिला. आत कपाटाच्याच खोलीत रेक्झिन कापायला बसले होते. आणि बाई, ते खिळे सगळे तोंडातच धरायचे. दोन दोन. दातात धरायचे, एकेक काढायचे, ठोकायचे. मी म्हटलं, गिळाल हं. तर हसले."

मी उठून कपाटापाशी गेले आणि एकेक खोकं नुसतं उचलून बघायला लागले. चष्मिषला वाटलं मला वेड लागलं. पण तो माणूस आपले दात कुठून आणणार? त्याचं माप कधीतरी इथंच घेतलेलं असणार, म्हणजे त्याचंही खोकं इथंच असणार, आणि ते रिकामं असणार. अठ्ठेचाळीसावं खोकं हाताला हलकं लागलं. नंबर तीनशे चाळीस. त्याच्यावरही धुळीत चार बोटं होती.

वहीत तीनशे चाळीसपुढं लिहिलं होतं: पुरुष, वय त्रेपन्न, झोपेत दात खातात, म्हणून रात्री लावायची पट्टी. कार्डाचा नंबर ग्रंथपालबाईंचाच. नात्याच्या रकान्यात एकच शब्द होता. पती.

"आठवले," मागून आत आलेले डॉक्टर हळूच म्हणाले. "बाईंनीच आणलं होतं त्यांना. म्हणाल्या होत्या, यांच्या आवाजानं मला झोप लागत नाही."

६

गादीवाल्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. काथ्याचा वास, भिंतीला टेकलेल्या सोफ्यांचे सांगाडे. ते गुडघ्यावर बसून एका खुर्चीला पट्टी ठोकत होते. ओठांच्या कोपऱ्यात दोन खिळे. मला बघितलं, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं, आणि खिळे काढून तळहातावर घेतले.

"न्यायला आलात," ते म्हणाले. विचारलंही नाही.

ते आत गेले आणि एक पुडी घेऊन आले. गडद निळ्या मखमलीचा तुकडा, कडा दुमडून शिवलेल्या. त्यांनी तो उलगडला. आत प्लास्टरचा छोटा जबडा होता, आणि पुढच्या दोन दातांमध्ये ती फट. मेणकाका म्हणाले होते तशीच, दोन्ही दात जरा झुकलेले.

"मागितलं असतं तर..." मी म्हणायला गेले. त्यांनी मागितलं होतं. आम्ही नाही म्हटलं होतं.

"खोक्यांचे नंबर होते घरी, दोघांच्याही दवाखान्याच्या कागदांवर," ते म्हणाले. "ती मुलगी म्हणाली, फोडून टाकतात. मला सुचेनाच. घेतलं ते घेतलंच. पण खोकं रिकामं ठेवायला जीव होईना. म्हणून माझे दात ठेवले तिच्या खोक्यात. म्हटलं, तेवढीच सोबत."

"फोटो असतील ना घरी?"

"फोटोत तोंड मिटून बसायची. लाजायची फटीला. घरात मात्र... माझं काम चालू असलं की उभ्या उभ्या जेवतो मी. ती म्हणायची, 'अहो, जरा बसा.' त्या 'बसा'मध्ये शीळ वाजायची. सव्वीस वर्षं ऐकली. ब्रिज लावून आली त्या दिवशी पण म्हणाली, 'जरा बसा.' आणि ते कुणाही बाईसारखं वाजलं. तिनं विचारलं, कसं दिसतंय? मी म्हटलं, छान. पुढं वर्षभर ती होती, आणि मी रोज वाट बघायचो की आज तरी वाजेल."

त्यांनी मॉडेल तोंडापाशी नेलं आणि अगदी हलकेच फुंकर घातली. "हे पण करून पाहिलं. नाही वाजत."

शुक्रवार उद्यावर आला होता. हे मॉडेल कंपनीत गेलं नाही तर डॉक्टरांचा दवाखाना बंद, आणि गेलं तर परत येणार नाही. आमच्याकडं आत गेलेलं बाहेर येत नाही, एक्स-रे सुद्धा नाही.

"ती म्हणाली होती, कडीवाला करू का, पदरचे घालून," ते पुढं म्हणाले. "मीच म्हटलं, कंपनी देते तेच करू. हे पत्र आलं होतं तेव्हा." मखमलीखालून त्यांनी घडी घातलेला कागद काढला.

तो कागद मला ठाऊक होता. शिक्का माझ्या टेबलावरचाच: 'सौंदर्यासाठी, नामंजूर.' खाली कोंबडीचे पाय.

दोन दिवस मी त्या गाढवाच्या नावानं बोटं मोडत होते. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला, खरंच केला. त्या दिवशीच्या पन्नासांतला एक कागद, पाच सेकंदांचं काम. काहीसुद्धा आठवलं नाही, आणि हेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

"ही सही माझी आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं.

"तुम्ही तिला पाहिलं होतं का?"

"नाही. कागद पाहिला होता."

मग त्यांनी अर्धवट झालेली खुर्ची माझ्याकडं ढकलली. "बसा," ते म्हणाले, आणि मॉडेल माझ्या हातात दिलं. "आता बघा."

मी पाहिलं. हात थरथरत होता म्हणून त्यांनी खालून आपला हात लावला. सहा वर्षांनी एक तोंड माझ्या हातात होतं. डाव्या बाजूला चघळायची सवय, मागचा एक दात जरा वळलेला, हिरड्या निगुतीनं राखलेल्या. आणि मधे ती फट, काडीपेटीतली काडी अलगद बसेल एवढी.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात. कडीवाला केला असता, तर ते वाजलं असतं का पूर्वीसारखं?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, मलाही.

"हो," मी म्हटलं. "वाजलं असतं."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण खांदे सैल पडले होते. "सगळे म्हणतात, काही फरक पडला नसता. मलाच एकट्याला ऐकू येत होतं असं वाटायला लागलं होतं. बरं झालं खरं बोललात."

मग मी त्यांच्याकडं एक दिवसाकरता मॉडेल मागितलं आणि ते परत आणून देईन असा शब्द दिला. एवढ्या सगळ्यानंतर माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, याचं मला अजून नवल वाटतं.

मेणकाकांना मी काय हवंय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं वीस मिनिटांचं काम बाजूला सारलं आणि दुपारभर त्या मॉडेलचं माप घेऊन हुबेहूब दुसरं ओतलं. मला बाजूला बसवून प्लास्टर कालवायला लावलं. म्हणाले, कालवताना हात हललेला चालतो.

शुक्रवारी अहवाल दिला. दवाखान्यात खोट काही नाही. तडकलेल्या दाताची रेघ मॉडेलवर स्पष्ट दिसते, तपासणीसाठी प्रत सोबत. ब्रिज जास्त होतात, कारण आपण दुसरं काही मंजूर करत नाही. या पेशंटचे दोन चांगले दात घासले गेले आणि फट बुजली, ती माझ्या नकारामुळं. साहेबांनी विचारलं, शेवटचं वाक्य हवंच आहे का? मी म्हटलं, बाकीचं काढलंत तरी चालेल, ते ठेवा. खाली सही केली. वाचता यावी म्हणून दोन्ही हातांनी पेन धरलं, चार-पाच मिनिटं लागली.

त्याच्या आदल्या संध्याकाळीच दोन्ही मॉडेलं घेऊन मी दुकानात गेले होते आणि कोणतं कुठलं ते न सांगता त्यांच्यापुढं ठेवली होती. गादीवाल्यांनी डोळे मिटून दोन्हींवरून अंगठा फिरवला, आणि त्यांच्या बायकोच्या तोंडातल्या मापावरून ओतलेलं होतं तेच बरोबर उचलून मखमलीत गुंडाळलं.

कंपनीत गेली ती नक्कल. फट तिच्यातही तेवढीच आहे, मी मोजून घेतली.